गावाच्या पटांगणात जुने सिनेमे: कोणते निवडायचे, कसे दाखवायचे

‘पाहायलाच हवेत असे शंभर सिनेमे’ अशा याद्या इंटरनेटवर ढिगाने सापडतात. त्या एकट्याने बघणाऱ्यासाठी असतात. नाही आवडला तर दहाव्या मिनिटाला बंद करून दुसरा लावता येतो. हनुमान मंदिरापुढच्या पटांगणात दीडशे माणसं सतरंजीवर येऊन बसली की तशी सोय राहत नाही. निवड चुकली तर लोक चिडत नाहीत, पण पुढच्या वेळी येत नाहीत.

म्हणून सिनेमा किती थोर आहे हे नंतर पाहावं. आधी पाहावं की त्यातली कोणती गोष्ट गावाच्या अंगवळणी पडलेली आहे: कीर्तन, तमाशा, कर्ज, विहिरीचं पाणी, रात्रीची राखण. असा एक दरवाजा सापडला की नव्वद वर्षांपूर्वीचा काळा-पांढरा सिनेमाही लोक शेवटपर्यंत बघतात. दरवाजाच नसेल तर जगभर गाजलेला सिनेमासुद्धा अर्ध्यात पटांगण रिकामं करतो.

पहिल्या रात्रीसाठी विदर्भातल्या कुठल्याही गावात डोळे मिटून ‘संत तुकाराम’ निवडावा. प्रभातचा, १९३६ सालचा, दामले-फत्तेलालांचा. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली, पण गावात हे सांगायची गरज नाही. ज्या गावात हरिनाम सप्ताह होतो, तिथे अर्धे अभंग लोकांना पाठ असतात, आणि विष्णुपंत पागनीस गाऊ लागले की मागून टाळ्यांचा ठेका सुरू होतो. पण या सिनेमाची खरी ताकद जिजाईत आहे. गौरी या नटीने केलेली ही बाई म्हशीवर, नवऱ्यावर आणि प्रत्यक्ष विठोबावर सारख्याच तावातावाने बोलते. पोर आजारी पडल्यावर ती पायातलं काढून देवळात जाते. ते बघताना बायकांच्या बाजूने जो हशा उठतो, तो उठला की समजावं, कार्यक्रम लागला. तुकोबा राखणीला बसून भजनात रंगतात आणि पीक जातं, हे तर रानडुकरांपायी रात्र-रात्र जागलीला जाणाऱ्या कास्तकाराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या रात्री भक्तिपट लावू नये. एकदा ‘देवाचा सिनेमा दाखवतात’ असं नाव पडलं की तरुण पोरं फिरकत नाहीत. इथे रहस्यपट हवा. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) यासाठी उत्तम. बायकोला अग्नी देऊन आलेल्या माणसापुढे हुबेहूब तिच्यासारखी बाई पोलिसांच्या ताब्यात उभी राहते. पुढे काय ते कुणी आधी फोडू नये, एवढं सुरुवातीलाच माईकवरून सांगून ठेवावं. ‘मेरा साया’ (१९६६) याच गोष्टीवर बेतलेला. तो टीव्हीवर पाहिलेली माणसं गावात असतातच, त्यांना विशेष बजावावं. हिंदीत हवा असेल तर ‘कानून’ (१९६०) आणि ‘इत्तेफाक’ (१९६९) या दोन्हींत एकही गाणं नाही, त्यामुळे वेळ कमी असला की ते कामी येतात. मात्र ‘कानून’मध्ये कोर्टातलं बोलणं भरपूर आहे आणि आवाजाची व्यवस्था कच्ची असेल तर तो फुकट जातो. तीच गोष्ट ‘लाखाची गोष्ट’ची (१९५२). ठरल्या मुदतीत एक लाख रुपये उडवून दाखवायचे, ही कल्पना आजही सगळ्या वयांना हसवते, पण तिचे विनोद शब्दांत आहेत. आवाजाचा भरवसा नसेल तर हसवायला चॅप्लिन लावावा. ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये (१९३६) कामगाराला जेवू घालणारं यंत्र बिघडतं आणि मक्याचं कणीस त्याच्या तोंडावर गरगर फिरू लागतं, तेव्हा लहान पोर आणि त्याची आजी एकाच क्षणी हसतात. हा सिनेमा अवघा ८७ मिनिटांचा आहे.

तमाशाप्रधान सिनेमात ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि ‘पिंजरा’ (१९७२) ही दोन नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. गावात एकच दाखवायचा तर आमचं मत ‘सांगत्ये ऐका’ला. जयश्री गडकर आणि हंसा वाडकर यांच्यामुळे त्यात बाईची बाजू ऐकू येते, ‘पिंजरा’त ती मास्तरच्या पडझडीआड जाते. ‘पिंजरा’ रंगीत आहे, गाणी जबरदस्त आहेत, त्यामुळे मागणी त्याचीच जास्त येते. दाखवायला हरकत नाही. झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या पट्ट्यात, लोकांना रात्रभराच्या नाटकाची सवय आहे. तिथे लांबलचक, गाण्यांनी भरलेला सिनेमा चांगला चालतो. फक्त दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि नाटकांचा हंगाम सुरू झाला की आसपासच्या गावांत नाटक कधी आहे ते विचारून मगच तारीख ठरवावी. नाटकापुढे सिनेमा टिकत नाही.

राजकारणावरचा ‘सामना’ (१९७४) निवडणुकीच्या काळात लावू नये, एरवी जरूर लावावा. साखर कारखान्याचा हिंदुराव पाटील विदर्भातल्या कापसाच्या मुलखात थोडा परका वाटतो, पण निळू फुले यांच्या बसण्या-बोलण्यातून तो कोण आहे हे लोक पाच मिनिटांत ओळखतात. ‘मारुती कांबळेचं काय झालं’ हा मास्तरचा प्रश्न सिनेमा संपल्यावरही पारावर चालू राहतो. अमरावतीच्या आसपास गाडगेबाबांवरचा ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) मोठी गर्दी खेचतो. बाबा शेंडगावचे, त्यामुळे लोक आपल्याच माणसाला बघायला येतात. बाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू आहेत. ‘सामना’तला मास्तरही त्यांचाच, म्हणून हे दोन सिनेमे लागोपाठच्या महिन्यांत ठेवले तर नटाचं काम काय असतं यावर चांगल्या गप्पा होतात. मेळघाटात किंवा इतर आदिवासी भागात ‘जैत रे जैत’ (१९७७) ठेवावा. ढोल, मोहोळ आणि डोंगर यांची ती गोष्ट तिथल्या माणसाला शहरी प्रेक्षकापेक्षा लवकर कळते.

आता शेतीवरचे सिनेमे. विदर्भातलं गाव म्हटलं की बाहेरून येणारा कार्यकर्ता आधी ‘दो बीघा जमीन’ (१९५३) काढतो. सिनेमा अस्सल आहे. सावकाराच्या वहीत ६५ रुपयांचे २३५ कसे होतात, हे बिमल रॉय यांनी जसं दाखवलं तसं क्वचितच कुणी दाखवलं असेल. पण ज्या घरात गेल्याच वर्षी कर्जापायी कुणी गेलं, ते घर त्या सतरंजीवर बसलेलं असू शकतं. म्हणून हा सिनेमा पहिल्या चार-पाचांत नको, आणि नापिकीच्या वर्षी तर नकोच. गावातल्या जाणत्या बाईला आधी विचारावं. तिला कोणत्या घरावर काय गुदरलं हे ठाऊक असतं. दाखवायचं ठरलं तर पोळ्याच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर दाखवू नये, आणि सिनेमा संपल्या संपल्या दिवे लावून माणसांना घरी पिटाळू नये. चहा ठेवावा, थोडा वेळ बसू द्यावं.

त्याआधी दाखवण्याजोगे दोन आहेत. एक ‘शेजारी’ (१९४१): दोन म्हातारे जिवलग मित्र, एक हिंदू, एक मुसलमान, आणि धरणापायी त्यांच्यात पाडलेली फूट. शेवटी धरण फुटतं, तो प्रसंग त्या काळच्या साधनांनी कसा केला असेल याचं आजही नवल वाटतं. दुसरा ‘मंथन’ (१९७६). गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन-दोन रुपये घालून तो काढला. दूध संकलन केंद्र असलेल्या गावात तो लावताना एवढी एकच गोष्ट आधी सांगावी, पुरते. ‘मदर इंडिया’ (१९५७) सगळ्यांनी तुकड्या-तुकड्यांत पाहिलेला असतो, पण मोठ्या पडद्यावर सलग नाही. लांबी मात्र १७२ मिनिटं, त्यामुळे तो थंडीतच घ्यावा. कारण पुढे येईल.

परदेशी सिनेमांची अडचण भाषेची. इंग्रजी सबटायटल गावात कुणी वाचत नाही, मराठी सबटायटलही वयस्कांना वाचून होत नाहीत. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे सांगणारा माणूस. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे असत, तीच रीत. गावातला कीर्तनकार किंवा नाटकात काम करणारा असेल तर फार छान. त्याने सिनेमा आधी दोनदा पाहून कुठल्या मिनिटाला काय बोलायचं हे कागदावर लिहून काढलेलं असावं. ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) घ्या. सुरू होण्याआधी एवढंच सांगायचं: हे इटलीतलं रोम शहर, महायुद्ध संपून थोडी वर्षं झालीत, हाताला काम नाही. याचं नाव अंतोनिओ, बायको मारिया, पोरगा ब्रुनो. मग गहाणखान्याच्या प्रसंगात एक वाक्य: ‘घरातल्या चादरी गहाण ठेवल्या आणि गहाण पडलेली सायकल सोडवून आणली.’ नोकरीसाठी सायकल का लागते, ते एक वाक्य. चोरी झाल्यावर काहीच नाही, ती दिसतेच. खाणावळीत बापलेक जेवायला बसतात, तिथेही गप्प राहायचं. आणि बापाची नजर दुसऱ्याच्या सायकलीवर जाऊन ठरते, तिथून शेवटापर्यंत माईक बंद करून खाली ठेवून द्यायचा. सांगणारे चुकतात ते इथेच: पडद्यावर जे डोळ्यांना दिसतंय तेच बोलत राहतात आणि लोकांना बघू देत नाहीत. दर संवादाचं भाषांतर करायला जाणंही तितकंच वाईट, कारण मग सिनेमाचा आवाज आणि माणसाचा आवाज एकमेकांत कालवतात. सांगणाऱ्याने पडद्यापाशी न बसता आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरपाशी बसावं आणि बोलताना सिनेमाचा आवाज स्वतःच्या हाताने एक तृतीयांशावर आणावा.

अशा सांगणाऱ्याच्या भरवशावर ‘सेव्हन सामुराई’सुद्धा (१९५४) दाखवता येतो. जपानातलं खेडं, पीक पिकलं की दरोडेखोर येणार हे ठाऊक असलेले शेतकरी, आणि पोटभर भातावर राखणीला आणलेले सात लढवय्ये. कोणत्याही कास्तकाराला ही गोष्ट परकी नाही. पण तो २०७ मिनिटांचा आहे. त्याच्यातच मध्यंतर आहे, तिथे तोडून दोन रात्री करायच्या. दुसऱ्या रात्री दोन मिनिटांत मागची गोष्ट सांगायची. ‘शोले’ही (१९७५) असाच दोन रात्रींचा. त्याला मात्र सांगणारा लागत नाही, लोक आधीच संवाद म्हणतात.

मुलांसाठी वेगळा वेळ काढून शाळेतच दाखवावा. ‘चिल्ड्रेन ऑफ हेवन’ (१९९७), बहीण-भावाची आणि एकाच बुटांच्या जोडीची गोष्ट, ८९ मिनिटांची आहे. चौथीच्या वरच्या मुलांना ती नीट कळते. ‘श्यामची आई’ (१९५३) पाठ्यपुस्तकामुळे माहीत असतो, पण लहान मुलं त्यात मध्येच कंटाळतात. तो मोठ्यांच्या कार्यक्रमात ठेवावा.

तारीख आणि वेळ यांचं गणित ध्वनिक्षेपकाच्या नियमावरून बसतं. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे, म्हणजे दहाच्या आत शेवट व्हायलाच हवा. मे महिन्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि पडद्यावरचा काळा रंग खरंच काळा दिसायला साडेसात वाजतात. हातात अडीच तास, त्यात सुरुवातीचं बोलणं आणि थोडी विश्रांती. म्हणून उन्हाळ्यात सव्वादोन तासांच्या वरचा सिनेमा घेऊ नये. जानेवारीत सहा-साडेसहालाच अंधार पडतो, मग ‘मदर इंडिया’ निवांत बसतो. थंडीत लोकांना चादरी आणायला सांगावं आणि खाली सतरंजीच्या आधी ताडपत्री अंथरावी, कारण दव पडलं की दहा मिनिटांत सतरंजी ओली होते.

कापूस वेचणी जोरात असताना बाया दिवसभर वाकून थकलेल्या असतात. त्या काळात आठवड्यातला एकच दिवस आणि छोटाच सिनेमा. रब्बीत कृषिपंपांना रात्रीची वीज असते त्या आठवड्यात पुरुष हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या ओलिताला जातात. पाळी बदलून दिवसाची झाली की मगच तारीख धरावी. हे वेळापत्रक गावात प्रत्येकाला पाठ असतं, फक्त विचारायला हवं. पावसाळ्यात पटांगण नकोच, समाजमंदिरात बसावं. आणि ऑक्टोबरच्या रात्री उजेडावर पाखरं येतात, ती प्रोजेक्टरच्या काचेवर बसली की पडद्यावर म्हशीएवढी दिसतात. पडद्यापासून तीस-चाळीस फुटांवर मागच्या बाजूला एक उघडा बल्ब लावून ठेवला की बरीचशी तिकडे जातात.

चित्राचा आकार ही गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. १९५५च्या आधीचे बहुतेक सिनेमे जवळजवळ ४:३ आकाराचे आहेत. लॅपटॉप किंवा प्रोजेक्टर ते ओढून रुंद करतो आणि पागनीसांचा चेहरा भोपळ्यासारखा दिसू लागतो. सेटिंगमध्ये ‘फुल’ किंवा ‘१६:९’ असेल तर ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ करावं. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहते, ती राहायलाच हवी. शाळेत धूळ खात पडलेले जुने १०२४ बाय ७६८ चे प्रोजेक्टर याच कामाला उत्तम, कारण त्यांचा मूळ आकारच ४:३ आहे.

पडदा ८ फूट रुंद आणि ६ फूट उंच पुरतो. खालची कड जमिनीपासून चार फुटांवर, कारण लोक खाली बसतात आणि पुढच्याचं डोकं आड येतं. कापडापेक्षा जुन्या फ्लेक्सची पांढरी मागची बाजू चांगली: उजेड आरपार जात नाही, शिवण दिसत नाही. वरून आणि खालून बांबू घालून चारही कोपरे दोरीने ताणावेत. नुसता वरून टांगलेला पडदा वाऱ्यावर हलतो आणि चित्र धूसर होतं. प्रोजेक्टरचं अंतर त्याच्या थ्रो रेशोवरून, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या कितीपट अंतर लागतं त्या आकड्यावरून, काढतात. हा आकडा १.५ असेल तर ४:३ प्रोजेक्टर पडद्यापासून १२ फुटांवर येतो. प्रोजेक्टर १६:९ असेल तर तेवढंच चित्र मिळवायला तो १६ फुटांवर न्यावा लागतो. दोन्ही वेळा तो लोकांच्या मधोमध येतो, म्हणून पाच फूट उंच टेबल घ्यावं आणि पोरांना त्याच्या पुढच्या पट्ट्यात उभं राहू देऊ नये. विकत किंवा भाड्याने घेताना ‘एएनएसआय ल्युमेन्स’ हा उजेडाच्या प्रमाणित मापाचा आकडा विचारावा, आणि तो ३००० च्या आसपास हवा. स्वस्त एलईडी प्रोजेक्टरच्या खोक्यावर नुसते ‘ल्युमेन्स’ म्हणून भलेमोठे आकडे छापलेले असतात, ते या मापाचे नसतात.

आवाजासाठी भोंगा अजिबात नको. भोंग्यातून अभंग ऐकू जातो, संवाद कळत नाही. डीजेचे खोके मिळाले तर बेस पूर्ण खाली आणि मधला पट्टा वर. जुन्या ध्वनिमुद्रणात खरखर असते, ती कमी करायला ट्रेबल थोडा उतरवावा. दोन स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडे वर, आणि तोंड मागच्या रांगेकडे. टिनाच्या शेडमध्ये आवाज घुमतो. तिथे आवाज वाढवण्याऐवजी बाजूंना सतरंज्या आणि गोधड्या टांगाव्यात. ब्लूटूथवर आवाज मागे पडतो, ओठ आधी हलतात, म्हणून वायरच लावावी.

सिनेमा कधीही चालू नेटवरून दाखवू नये, आधी उतरवून ठेवावा. पेनड्राइव्हचा फॉरमॅट ‘फॅट३२’ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जात नाही, ‘एक्सफॅट’ करून घ्यावा. आदल्या दिवशी फाइल शेवटपर्यंत पळवून पाहावी, कारण अर्धवट उतरलेली फाइल नेमकी शेवटच्या वीस मिनिटांत थांबते.

लाइट जाणार हे धरूनच चालावं. प्रोजेक्टर आणि स्पीकर मिळून ४०० वॉटचा भार असेल तर १५० एएचच्या एका चांगल्या बॅटरीवर साधारण अडीच तास निघतात, बॅटरी जुनी असेल तर दीडच. इन्व्हर्टर सुरुवातीपासून मध्ये जोडलेला असावा. दिव्याचा प्रोजेक्टर झटक्यात बंद पडला की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा फुटू शकतो. त्याच कारणाने सिनेमा संपल्यावर पंखा आपोआप थांबेपर्यंत प्लग काढू नये.

हक्कांची बाब आधीच मिटवावी. भारतात सिनेमाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. १९६४ च्या ‘पाठलाग’चा ३१ डिसेंबर २०२४ ला संपला, ‘पिंजरा’चा २०३२ अखेरपर्यंत आहे. मुदत संपलेल्या सिनेमावरही नव्याने बसवलेलं संगीत किंवा सबटायटल यांचे हक्क वेगळे असू शकतात. मुदतीतल्या सिनेमासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. ओटीटीचं सदस्यत्व घरच्यापुरतं असतं, ते पटांगणात चालत नाही. शाळेच्या उपक्रमात फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी थेट संबंधित माणसं असतील तर कायद्यात सूट आहे, म्हणून ‘चिल्ड्रेन ऑफ हेवन’ शाळेतच लावायचा. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून लेखी घ्यावी, निदान आठवडाभर आधी अर्ज द्यावा, आणि त्याची प्रत त्या रात्री मिक्सरपाशी ठेवावी.